पंधरा सेंटचा हॅम्बर्गर आणि त्यामागचा पूर्ण हिशेब

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतील भावांच्या याद्या समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. हॅम्बर्गर १५ सेंट, कोकाकोलाची बाटली ५ सेंट, न्यूयॉर्कजवळचे नवेकोरे घर ७,९९० डॉलर. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या गटांतही त्या येतात आणि त्यांच्याखाली बहुधा एकच सूर उमटतो: तो काळ किती स्वस्ताईचा होता, माणसे किती समाधानी होती, एकाच्या पगारात अख्खे घर कसे चालत होते. यादीतले आकडे बहुतेक वेळा खरे असतात. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि ‘तेव्हा पगारही कमी होते’ एवढे म्हणून तो दुरुस्त होत नाही. त्या काळात सामान्य अमेरिकन माणसाच्या वाट्याला जे स्थैर्य आले, ते बाजाराने आपोआप दिलेले नव्हते. सरकारी निर्णय, संप, करार आणि सार्वजनिक हमी यांतून ते घडवले गेले, आणि घडवतानाच ते कोणाला द्यायचे नाही हेही ठरवले गेले, असे माझे म्हणणे आहे. भावांची यादी या दोन्ही गोष्टी गाळते, म्हणून ती अपुरी आहे.

आधी पगाराचा हिशेब पाहू. मार्च १९५६ मध्ये अमेरिकेतील किमान वेतन ताशी एक डॉलर झाले, म्हणजे त्या वेतनावरच्या माणसाला १५ सेंटच्या हॅम्बर्गरसाठी नऊ मिनिटे काम करावे लागे. ही तक्रार करण्याजोगी स्थिती नव्हे. पण १९४६ साली बाजारात आलेला दूरचित्रवाणी संच सुमारे ३७५ डॉलरचा होता, आणि कारखान्यातल्या कामगाराची सरासरी मजुरी तेव्हा ताशी एका डॉलरच्या थोडी वर होती. त्या एका संचासाठी त्याची आठ आठवड्यांहून अधिक कमाई लागली असती. १९५० च्या सुमारास अमेरिकन कुटुंबे आपल्या खर्चयोग्य उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा खाण्यापिण्यावर घालवत. आज तो दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे. त्याच वर्षीच्या जनगणनेनुसार देशातील एक तृतीयांशाहून अधिक घरांत गरम पाणी, न्हाणीघर आणि शौचालय या सोयी पूर्णपणे नव्हत्या. तेव्हा सगळेच स्वस्त होते असे म्हणता येत नाही. स्वस्त होते ते घर, म्हणजे मध्यम उत्पन्नाच्या गोऱ्या कुटुंबासाठी स्वस्त, आणि स्थिर होता तो संघटित कामगाराचा पगार. या दोन्हींची कारणे शोधायला युद्धकाळापर्यंत मागे जावे लागते.

१९४२ पासून अमेरिकेत सरकारने बहुतेक वस्तूंच्या कमाल किमती ठरवून दिल्या होत्या. साखर, कॉफी, मांस, लोणी, पेट्रोल, टायर यांवर रेशन होते. हे काम पाहणाऱ्या केंद्रीय किंमत-नियंत्रण कार्यालयाच्या स्थानिक समित्या गावोगावी होत्या आणि त्यांत हजारो स्त्रिया विनावेतन काम करत. खाटकाच्या किंवा वाण्याच्या दुकानात कमाल भावांचा तक्ता लावलेला असे; हातात पिशवी घेऊन आलेली गृहिणी त्या तक्त्याकडे बोट दाखवून दुकानदाराला जाब विचारू शके, आणि त्याने जास्त पैसे घेतले तर तक्रारही नोंदवू शके. काळा बाजार होताच, तुटवडाही होता. तरीही जनमत बऱ्याच अंशी या व्यवस्थेच्या बाजूने होते, कारण पहिल्या महायुद्धानंतर किमती कशा भडकल्या होत्या हे लोकांच्या स्मरणात ताजे होते.

ही व्यवस्था युद्धानंतर किती काळ ठेवायची, हा १९४६ चा सर्वांत मोठा घरगुती आणि राजकीय प्रश्न होता. कारखानदारांच्या संघटनेने तिच्याविरुद्ध जाहिरातींची मोठी मोहीम चालवली. बंधने उठली की उत्पादन वाढेल आणि किमती स्वतःहून ताळ्यावर येतील, असे तिचे आश्वासन होते. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, नियंत्रणाचा दुबळा केलेला कायदा मंजूर केला, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला आणि ३० जून १९४६ रोजी नियंत्रणे संपली. त्या एका महिन्यात अन्नधान्य आणि मांसाचे भाव असे चढले की जुलै अखेरीस नियंत्रणे पुन्हा आणावी लागली. पण मांसावरचे नियंत्रण ऑगस्टच्या उत्तरार्धात परत लागू होताच गुरे पाळणाऱ्यांनी जनावरे बाजारात आणणे थांबवले. शरद ऋतूत शहरांतली खाटकांची दुकाने रिकामी पडली. १४ ऑक्टोबरला ट्रूमन यांनी मांसावरचे नियंत्रण उठवले. तीन आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने काँग्रेसची दोन्ही सभागृहे गमावली. डिसेंबर १९४६ ला संपलेल्या वर्षात किरकोळ किमती सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्या होत्या, आणि कारखानदारांनी दिलेले आश्वासन त्या हिवाळ्यात तरी खरे ठरले नाही.

हा प्रसंग मी विस्ताराने सांगितला, कारण स्वस्ताईच्या आठवणींत तो कधीच येत नाही. ज्या पिढीला आपण निश्चिंत समजतो, त्या पिढीने शांततेच्या पहिल्याच वर्षात आजच्या कोणत्याही अमेरिकन तरुणाने न पाहिलेली महागाई पाहिली होती. भाव ही निसर्गातून येणारी गोष्ट नसून तो कोणीतरी ठरवतो, आणि म्हणून त्यावर भांडता येते, हे त्या पिढीला पक्के ठाऊक होते.

हे भांडण सर्वांत स्पष्टपणे मांडले ते मोटार कामगारांनी. नोव्हेंबर १९४५ मध्ये जनरल मोटर्सच्या कामगारांनी संप पुकारला, तो ११३ दिवस चालला. त्यांचे नेते वॉल्टर रॉयथर यांची मागणी होती की मजुरी ३० टक्क्यांनी वाढवा, मात्र मोटारींच्या किमती वाढवू नका. परवडत नाही असे कंपनीचे म्हणणे असेल तर तिने हिशेबाच्या वह्या उघडून दाखवाव्यात. मजुरीच्या मागणीसोबत ग्राहकाची बाजूही मांडणारी ही मागणी होती, आणि माझ्या मते त्या दशकातील अमेरिकन सार्वजनिक जीवनातील ती सर्वांत धाडसी मागणी होती. कंपनीने ती साफ नाकारली. अखेर ताशी साडेअठरा सेंटची वाढ मिळाली, किमतींबद्दल कोणतेही बंधन मिळाले नाही. पुढे १९४८ च्या करारात महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढणारे वेतन आले आणि १९५० च्या पाच वर्षांच्या करारात निवृत्तिवेतन व आजारपणाच्या विम्यात कंपनीचा वाटा आला. निर्देशांकाशी जोडलेला महागाई भत्ता मराठी वाचकाला नवा नाही; मुंबईच्या गिरणी कामगारांना तो युद्धकाळातच मिळू लागला होता. अमेरिकेत मात्र ही मोठी नवलाई होती, आणि १९५० चे दशक एवढे स्थिर का वाटते याचे बरेचसे उत्तर त्या कलमात आहे.

पण त्या कराराने एक गोष्ट कायमची सोडून दिली. कामगार संघटनेने आपल्या सभासदांसाठी महागाईपासून संरक्षण मिळवले आणि किमती कोणी ठरवायच्या हा सर्वांसाठीचा प्रश्न बाजूला ठेवला. १९५० च्या दशकाच्या मध्यावर बिगरशेती कामगारांपैकी सुमारे एक तृतीयांश संघटनांत होते. उरलेल्यांना हे कलम लागू नव्हते. शेतमजूर आणि घरकामगार तर किमान वेतनाच्या कायद्यातूनच वगळलेले होते, आणि दक्षिणेकडच्या राज्यांत या दोन कामांत कृष्णवर्णीयांची संख्या फार मोठी होती. हे वगळणे नजरचुकीने झालेले नव्हते. दक्षिणेकडच्या खासदारांच्या मतांशिवाय १९३० च्या दशकातले कायदे मंजूर होणे शक्य नव्हते, आणि आपल्याकडच्या स्वस्त मजुरीच्या व्यवस्थेला धक्का लागू द्यायला ते खासदार तयार नव्हते.

आता घराकडे येऊ. न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत १९४७ पासून लेव्हिट कंपनीने ‘लेव्हिटटाउन’ ही घरांची वसाहत बांधायला सुरुवात केली. काम सुमारे सत्तावीस टप्प्यांत वाटलेले होते आणि प्रत्येक तुकडी एकच टप्पा करत घरामागून घर पुढे सरके. १९५१ पर्यंत तिथे १७,४४७ घरे झाली. सुरुवातीची घरे जेमतेम साडेसातशे चौरस फुटांची होती: दोन झोपायच्या खोल्या, एक न्हाणीघर, वर अर्धवट सोडलेला माळा, तळघर नाही. १९४९ मधील नव्या नमुन्याच्या घराची किंमत ७,९९० डॉलर होती आणि माजी सैनिकाला पहिली रक्कम भरावी लागत नसे; महिन्याला ५८ डॉलर भरले की घर त्याचे. १९५० मध्ये अमेरिकन कुटुंबाचे मध्यम वार्षिक उत्पन्न ३,३१९ डॉलर होते, म्हणजे घराची किंमत अडीच वर्षांच्या उत्पन्नाहूनही कमी होती. आज देशपातळीवर हेच प्रमाण पाच वर्षांच्या आसपास आहे. आजचा अमेरिकन तरुण घराच्या बाबतीत हळहळतो, तेव्हा त्याची हळहळ अगदी खरी आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र या स्वस्ताईत बिल्डरच्या कौशल्याइतकाच सरकारी हमीचा वाटा होता. माजी सैनिकांसाठीच्या १९४४ च्या कायद्याने आणि केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाच्या विम्याने बँकेची जोखीम सरकारने स्वतःवर घेतली, म्हणूनच तीस वर्षांचे स्वस्त कर्ज शक्य झाले. आणि त्याच प्रशासनाने कर्जाचे निकष ठरवताना वस्ती ‘एकजिनसी’ असावी असा आग्रह धरला. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या भाडेकरारात असे कलमच होते की गोऱ्या वंशाखेरीज कोणालाही या जागेत राहू देऊ नये; घरकामाला मात्र इतर वंशाचे नोकर ठेवण्यास मुभा आहे. या कलमाचा दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच नीट वाचावा. कृष्णवर्णीय स्त्रीने त्या घरात येऊन फरशी पुसायला हरकत नव्हती. ते घर तिने हप्त्यांनी घ्यायला होती. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांमार्फत बजावता येणार नाहीत असा निकाल दिला. त्यानंतर कलम करारातून गेले, विक्रीचे धोरण तेच राहिले. १९५७ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे पहिले कृष्णवर्णीय दांपत्य राहायला आले, तेव्हा घरासमोर शेकडोंचा जमाव जमला, खिडकीवर दगड आले आणि राज्य पोलिसांना बंदोबस्तासाठी बोलवावे लागले.

माजी सैनिकांचा कायदा कागदावर सर्वांसाठी होता. प्रत्यक्षात मिसिसिपी राज्यात १९४७ साली सरकारी हमीने दिलेल्या घर, धंदा आणि शेतीच्या ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळाली होती फक्त २. युद्धात दोघांनीही गणवेश घातला होता.

हीच गोष्ट दुकानाच्या पातळीवरही होती. पाच सेंटच्या कोकाकोलाची गंमत लोक आवडीने सांगतात, आणि ती हकीकत आहेही विलक्षण. १८८६ पासून जवळपास सत्तर वर्षे ती किंमत टिकली. बाटली भरणाऱ्यांशी केलेला जुना करार, देशभर रंगवलेल्या पाच सेंटच्या जाहिराती आणि फक्त पाच सेंटचे नाणे घेणारी हजारो यंत्रे यांमुळे ती बदलणे कंपनीला कठीण होऊन बसले होते. १९५३ मध्ये कंपनीचे प्रमुख रॉबर्ट वुडरफ यांनी साडेसात सेंटचे नाणे काढावे अशी विनंती राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना केली. ती मान्य झाली नाही. पण एखादी किंमत सत्तर वर्षे स्थिर राहते आणि तरीही लक्षावधी लोकांना त्या किमतीत ती वस्तू शेजारच्या माणसासारखी बसून घेता येत नाही, हा त्याच काळाचा अधिक महत्त्वाचा विशेष आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरो शहरात कॉलेजचे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू त्यांनी एका काउंटरवर घेतल्या, पैसे दिले, पावती घेतली. नंतर ते त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. ती नाकारण्यात आली. दुकान एकच, गिऱ्हाईक तेच, पैसेही तेच. टूथपेस्टसाठी ते पैसे चालले आणि कॉफीसाठी चालले नाहीत. ते उठले नाहीत, दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, आणि जुलैच्या अखेरीस त्या दुकानाला काउंटर सर्वांसाठी खुला करावा लागला.

मग आपल्या मनात त्या काळाचे एवढे गोजिरे चित्र कुठून आले? त्याचा मोठा वाटा दूरचित्रवाणीकडे जातो. १९५० मध्ये अमेरिकेतील सुमारे ९ टक्के घरांत संच होता, १९६० पर्यंत तो जवळपास ९० टक्के घरांत पोचला. जाहिरातदारांच्या पैशांवर चालणाऱ्या या माध्यमाने सुरुवातीला स्थलांतरित आणि कामगार कुटुंबांच्याही गोष्टी सांगितल्या. पण दशक पुढे सरकले तसे पडद्यावरचे घर उपनगरात गेले, वडिलांचा व्यवसाय धूसर झाला, हप्त्याची चिंता संपली आणि संप हा विषय तर उरलाच नाही. जाहिरातीतला नवा फ्रीज आणि मालिकेतला फ्रीज यांत फरक करू नये, अशीच त्या चित्राची रचना होती. वास्तवात १९५९ मध्ये सुमारे २२ टक्के अमेरिकन सरकारी दारिद्र्यरेषेखाली होते, आणि कृष्णवर्णीयांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. ‘एकाच्या पगारात चालणारे घर’ हेही पडद्यावर जितके सार्वत्रिक दिसते तितके नव्हते. युद्धकाळात कारखान्यांत गेलेल्या स्त्रियांना युद्ध संपताच काढण्यात आले, तरी १९६० पर्यंत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के पुन्हा नोकरी करत होत्या, आणि त्यांतल्या अनेकींच्या कमाईवरच घराचा आणि मोटारीचा हप्ता जात होता.

जुलै १९५९ मधील मॉस्कोतील प्रदर्शन याचे उत्तम उदाहरण आहे. तिथे मांडलेल्या अमेरिकन स्वयंपाकघरात उभे राहून उपराष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना सांगितले की असे १४,००० डॉलरचे घर कोणत्याही पोलाद कामगाराला घेता येते, कारण तो ताशी तीन डॉलर कमावतो. ते छायाचित्र जगभर गेले. मात्र नेमक्या त्याच दिवसांत अमेरिकेतले सुमारे पाच लाख पोलाद कामगार संपावर होते, आणि हे खुद्द निक्सन यांनीच त्याच संभाषणात बोलून दाखवले होते. संप ११६ दिवस चालला. ते ताशी तीन डॉलर अशाच संपांतून आलेले होते. लोकांच्या स्मरणात धुलाई यंत्र आणि पिवळे स्वयंपाकघर राहिले. संप कोणाच्या लक्षात राहिला नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. त्या समृद्धीचे खरे कारण उत्पादकता होती, युरोप आणि जपान उद्ध्वस्त झाल्यामुळे अमेरिकन कारखान्यांना स्पर्धाच नव्हती, आणि किंमत-नियंत्रणाने शेवटी दुकाने रिकामीच केली, असे म्हटले जाते. यातले पहिले दोन मुद्दे मला मान्य आहेत. तिसराही काही प्रमाणात खरा आहे. एकट्या मांसावर वर्षानुवर्षे भावाची मर्यादा ठेवून कोणताही देश सुखी झालेला नाही. पण उत्पादकता वाढली की तिचा लाभ आपोआप पगारात उतरतो, हे पुढच्या इतिहासाने सिद्ध केलेले नाही. १९७० च्या दशकानंतरही अमेरिकेत उत्पादकता वाढतच राहिली, सामान्य कामगाराचे तासाचे वेतन मात्र तिच्या बरेच मागे पडले. १९५० च्या दशकात दोन्ही बरोबरीने वाढले ते तशी तजवीज करणारे करार, कायदे आणि आयकराचा ९१ टक्क्यांच्या आसपासचा वरचा दर तेव्हा अस्तित्वात होता म्हणून. वाढीचे श्रेय यंत्रांना द्यावे. वाटणीचे श्रेय मागणाऱ्यांना द्यावे लागेल.

आपल्या मराठी बांधवांनी हे ध्यानात घेण्याचे आणखी एक कारण आहे. ज्या स्वस्त अमेरिकेची आपण हळहळून आठवण काढतो, तिथे आपल्याला जागाच नव्हती. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण वर्षाला १०० जणांना प्रवेश एवढीच मर्यादा होती. दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा ज्या वातावरणात मंजूर झाला ते वातावरण ग्रीन्सबरोसारख्या काउंटरांवर बसून राहिलेल्यांनी तयार केले होते. न्यू जर्सीच्या उपनगरात पुढे एखाद्या मराठी अभियंत्याला घर घेता आले, त्यामागे घरविक्रीतील वंशभेदाला बंदी घालणारा १९६८ चा कायदाही उभा होता.

तो कायदा लेव्हिटटाउनची पहिली घरे उभी राहिल्यानंतर एकवीस वर्षांनी आला, आणि या उशिराचीही किंमत मोजता येते. १९४९ चे ७,९९० डॉलर महागाईच्या हिशेबाने आजचे साधारण एक लाख पाच हजार डॉलर होतात; तीच घरे, वाढवलेली आणि दुरुस्त केलेली, आज सहा लाख डॉलरच्या वर विकली जातात. मधला फरक पहिल्या खरेदीदारांच्या मुलांच्या शिक्षणात, धंद्याच्या भांडवलात आणि वारशात गेला. ज्या माजी सैनिकाला १९४९ मध्ये विक्री कचेरीतून परत पाठवले गेले, त्याच्या नातवंडांना तेच घर आजच्या भावाने घ्यावे लागते, आणि त्यासाठी लागणारी पहिली रक्कम देऊ शकेल असे आजोबांचे घर त्यांच्या मागे नसते.